एकास बहात्तर

एक इंच म्हणजे सहा फूट. एवढं एकदा मनाशी कबूल केलं, की माझ्या कपाटाच्या मधल्या फळीवर उभं असलेलं हे बी-24 लिबरेटर, दुसऱ्या महायुद्धातलं बॉम्बफेकी विमान, हळूहळू वाढायला लागतं. दीड फुटांचे पंख पसरत पसरत भिंतीतून पलीकडे जातात, चिमटीत मावणारी चाकं माणसाच्या छातीला लागतात, शेपटीची दोन लंबगोल सुकाणं वरच्या मजल्याच्या खिडकीशी येतात, आणि ही खोली, समोरचा रस्ता, पलीकडच्या सोसायटीची पाण्याची टाकी, या सगळ्यांवर सावली धरून एकशे दहा फुटांचं काहीतरी डोक्यावर येऊन थांबतं. मग रस्त्यावर कुणाचीतरी स्कूटर सुरू होते. पुन्हा दीड फूट.

भाच्यानं परदेशातून येताना ते आणलं. लहानपणापासून त्यानं माझ्या तोंडून लिबरेटरच्या आवाजाबद्दल ऐकलं होतं, म्हणून. खोक्यातून बाहेर काढलं ती वैशाखातली दुपार होती; भिंती तापलेल्या, फरशीसुद्धा कोमट, आणि त्या सगळ्या उष्म्यात हातात आलेला तो धातूचा गारवा मला अजून आठवतो. प्लॅस्टिक असं गार नसतं. लाकूड तर नसतंच. धातू आपल्या हाताची ऊब अगदी सावकाश स्वीकारतो, आणि तेवढ्या वेळात आपण त्याला नीट पाहून घेतो: पाठीवरचा शेवाळी, न चमकणारा हिरवा; पोटाचा ढगाळ राखाडी; पंखांवर केसासारख्या बारीक रेघा, जिथं खऱ्या विमानाचे पत्रे एकमेकांना भेटत; नाकाची पारदर्शक काच, तिच्यामागे अंधार. दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचं एक पातं तिरपं येतं आणि त्या काचेत क्षणभर दिवा लागतो. कुणीतरी आत आहे असं वाटतं.

एकास बहात्तर हे विमानांच्या प्रतिकृती जमवण्याच्या छंदातलं जुनं माप. त्याचा एक जुना धागा खेळण्याकडे जात नाही, युद्धाकडे जातो. 1942 साली अमेरिकी नौदलानं देशभरातल्या शाळांना पाच लाख छोटी विमानं करून मागितली. मुलांनी सुताराच्या वर्गात लाकूड तासून, कानशीनं घासून, साच्याशी ताडून ती केली आणि काळ्या रंगानं रंगवली. काळ्याच, कारण आकाशात दुरून येणारं विमान रंगानं ओळखू येत नाही, आकृतीनं ओळखू येतं, आणि ते आपलं की शत्रूचं हे ठरवायला तोफेवरच्या पोराकडे काही क्षण असतात. या मापात अंतरही बहात्तरपट आकसतं. पस्तीस फुटांवर टांगलेलं ते लाकडी पाखरू म्हणजे जवळपास अर्ध्या मैलावरचं खरं विमान. मी कधी कधी दिवाणखान्याच्या दारापर्यंत मागे जाते आणि तिथून कपाटाकडे बघते. बारीक होत गेलेली ती काळपट आडवी रेघ, तिला चार गाठी, मागे दोन ठिपके. शाळकरी मुलांनी तासलेल्या त्या लाकडाच्या तुकड्यांवर किती जणांनी आपला जीव सोपवला असेल.

हे माझं मात्र लाकूड नव्हे. हे ओतीव आहे. जस्त, त्यात थोडं ॲल्युमिनियम, किंचित मॅग्नेशियम, किंचित तांबं. चारशे अंशांच्या अलीकडेच हे मिश्रण वितळतं, आणि मग पोलादी साच्यात प्रचंड दाबानं ते असं घुसवतात की साच्यातली केसाएवढी खाचही भरून निघते. पंखावरची ती प्रत्येक रेघ, प्रत्येक झाकण, अशा एका क्षणात उमटलेलं आहे. आधी वाहतं, मग एकाएकी कायमचं. जुन्या काळी, विशेषतः दुसऱ्या महायुद्धाच्या आधी, या ओतकामात शिशाचा अंश चुकून राहून जाई, आणि मग वर्षानुवर्षं दमट हवा खात तो धातू आतून फुगायचा, त्याला भेगा पडायच्या, आणि एक दिवस हात लावताच भुगा व्हायचा. लिव्हरपूलला घडलेल्या ‘डिंकी’ खेळण्यांतल्या कितीतरी विमानांचा शेवट असा संग्राहकांच्या काचेमागे, कुणी न पाडता, झालेला आहे. पंखांना वाक येतो, म्हणतात, सगळ्यात आधी.

वजनाची गोष्ट मला नंतर सुचली. विमान हातात घेतलं की मनगट खाली जातं. किलोभराच्या आसपास असावं. संग्राहकांना हा भार आवडतो, मलाही आवडतो, तो हाताला विश्वास देतो. पण लांबी बहात्तरपट घटली की आकारमान बहात्तर गुणिले बहात्तर गुणिले बहात्तर इतकं घटतं, म्हणजे पावणेचार लाखांच्या जरा अलीकडे. या हिशेबानं माझ्या हातातलं किलोभर परत मोठं केलं तर पावणेचारशे टनांच्या आसपास येतं. आणि खरं लिबरेटर, इंधन, दारूगोळा, माणसं, बॉम्ब सगळं भरून, तीस टनांच्या आतबाहेर. रिकामं असताना साडेसोळा टन. म्हणजे प्रमाणाशी इमान राखायचं तर माझ्या या विमानाचं वजन चव्वेचाळीस ग्रॅम हवं.

चव्वेचाळीस ग्रॅम. फुंकरीनं हलेल एवढं.

त्या दिवसापासून माझी नजर बदलली. जी वस्तू मला सत्याची भरीव प्रत वाटत होती, ती खऱ्याहून बावीस-तेवीस पट जड निघाली, आणि खरं विमान म्हणजे मुळात एक पोकळी होती. पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यांनी, तीन लाखांहून जास्त रिवेटांनी, भोवती आखलेली पोकळी. मिशिगनमधल्या विलो रन इथं फोर्ड कंपनीच्या त्या अवाढव्य शेडमध्ये 1944 साली दर तासाला एक लिबरेटर तयार होऊन बाहेर पडत होतं. रिवेट मारणाऱ्यांत बाया पुष्कळ, डोक्याला रुमाल बांधलेल्या. एक बाहेरून बंदूक धरायची, एक आतून टेकण द्यायची, आणि दोघींच्या मधला पत्रा थरथरायचा. सगळ्या कारखान्यांत मिळून अठरा हजारांहून अधिक विमानं झाली. अमेरिकेनं दुसरं कुठलंच लढाऊ विमान इतक्या संख्येनं कधी बांधलं नाही. युद्ध संपल्यावर त्यातली कितीतरी ॲरिझोनातल्या किंगमनच्या माळावर रांगेनं उभी केली गेली, कापली गेली आणि भट्टीत घालून त्यांच्या विटा पाडल्या गेल्या. तिथं विमान वितळून धातू झाला. माझ्याकडे धातू वितळून विमान झालं. या दोन भट्ट्यांच्या मधे कुठंतरी ती पोकळी हरवली.

त्या पोकळीत माणसं होती. माझ्या मापात इंचभर उंचीची, दहा जण.

मी बोट फिरवत त्यांना जागा देत जाते. नाकाच्या काचेत बॉम्ब टाकणारा, त्याच्याजवळ नकाशावर वाकलेला मार्गदर्शक. वर दोघं वैमानिक, शेजारी शेजारी. त्यांच्यामागे इंजिनांची काळजी वाहणारा, आणि कानांवर मोठे हेडफोन लावलेला रेडिओवाला. मग पोटातलं बॉम्बचं कोठार, आणि त्याच्या मागे कमरेच्या खिडक्यांशी दोघं तोफची, पोटाखालच्या गोलात मुटकुळं करून एक, अगदी शेवटी शेपटीत पाठमोरा एक. पुढच्या भागातून मागे जायचं तर कोठारातून जाणारी एकच फळी. रुंदी जेमतेम नऊ इंच. माझ्या विमानात ती तीन मिलिमीटर भरेल. पाठीवर पॅराशूट असेल तर त्या फळीवरून सरळ चालता येत नसे, अंग चोरत, आडवं होऊन, दोन्ही बाजूंना टांगलेल्या बॉम्बच्या मधून सरकावं लागे, आणि खाली कोठाराची दारं इतकी पातळ पत्र्याची की त्यांवर माणसाचा भार पडला तर ती धरतीलच याची खात्री नाही. वीस हजार फुटांवर, कमरेच्या उघड्या खिडक्यांतून वाहणाऱ्या वाऱ्यात, थंडी शून्याखाली चाळीसपर्यंत जाई. हातमोजा काढून तोफेला बोट लावलं तर कातडी धातूला चिकटून राही. अंगात विजेच्या तारा विणलेले सूट, तोंडावर ऑक्सिजनचे मुखवटे, त्यांत गोठलेली थुंकी. बहुतेकांचं वय वीस-बावीस. आपल्याकडे या वयाच्या पोराला आई स्टेशनवर पोचवायला जाते आणि डबा आठवणीनं खा म्हणून सांगते.

एका लिबरेटरमधून माणसं निघून गेली आणि विमान मात्र पुढं गेलं. ‘लेडी बी गुड’ हे त्याचं नाव. 4 एप्रिल 1943 ला लिबियातल्या तळावरून ते नेपल्सवर गेलं, परतताना रात्री अंधारात तळ ओलांडून वाळवंटात आत आत जात राहिलं. खाली समुद्र नसून वाळू आहे हे वरच्यांना कळलं नाही. इंधन संपत आलं तेव्हा नऊही जणांनी अंधारात उड्या घेतल्या, आणि रिकामं विमान आपलं आपण उतरत उतरत वाळूवर येऊन टेकलं. मागचा भाग तुटला, बाकी बरंचसं शाबूत. पंधरा वर्षांनी तेल शोधणाऱ्यांना ते वरून दिसलं. नंतर माणसं तिथं पोचली तेव्हा आतला रेडिओ चालू झाला. तोफा उडाल्या. थर्मासमध्ये पेय होतं, ते पिण्याजोगं होतं. आणि ती पोरं उत्तरेकडे चालत गेली होती, समुद्राच्या आशेनं, एवढ्याशा पाण्यावर दिवसचे दिवस, विमानातल्या पाण्यापासून आणि अन्नापासून दूर दूर. त्यांच्यातल्या एकाची डायरी सापडली. आठ जणांचे अवशेष मिळाले, नववा वाळूकडेच राहिला.

हे वाचलं त्या रात्री मी कपाटाची काच लावून घेतली. कोरड्या हवेत, कुणी न शिवता, सगळं जागच्या जागी असलेलं, फक्त माणसं नसलेलं विमान. संग्राहक ज्या अवस्थेला उत्तम म्हणतात ती हीच.

माणसांबद्दल इतकं मनात येतं, आणि तरी ते अर्धंच आहे. माझ्या विमानाच्या नाकापाशी, डाव्या अंगाला, पिवळ्या रंगाचे इवलेसे बॉम्ब ओळीनं छापलेले आहेत. खऱ्या विमानांवर ते हातानं रंगवत. एक बॉम्ब म्हणजे एक मोहीम, जाऊन परत आल्याची खूण. भिंगाखाली धरलं तर छपाई अतिशय सुरेख आहे, एकेका बॉम्बला टोक आणि शेपूट वेगळं दिसतं. आणि प्रत्येक पिवळ्या खुणेखाली कुठंतरी एक गाव आहे, एक यार्ड, एक पूल, बाजार भरायच्या आधीची एक सकाळ. त्यांचं माप कुणी घेतलेलं नाही. विमानासोबत काळं स्टँड मिळतं, त्यावर ते उडत्या स्थितीत ठेवता येतं. जमीन मिळत नाही.

म्हणून एकदा मी जमिनीचा हिशेब केला. वीस हजार फूट भागिले बहात्तर म्हणजे दोनशे अठ्ठ्याहत्तर फूट, पंचवीस-सव्वीस मजले. पुण्यात खराडीला एका मैत्रिणीचं घर असंच उंचावर आहे. तिच्या गॅलरीत संध्याकाळी उभी राहून मी खाली पाहिलं. खाली माणसं होती, खरी, साडेपाच फुटी, कुत्र्यांना फिरवणारी, पिशव्या घेऊन येणारी, आणि ती मला बाई की पुरुष एवढंही सांगता येत नव्हतं. आणि माझ्या मापात ती इंचभर असायला हवी होती. घरं पिशवीत मावतील एवढी. शाळा, गोठा, देऊळ, तळं, सगळं त्या बेतानं. मी कठडा धरून खाली बघत राहिले, पण इंचभर माणूस तिथून दिसणं शक्यच नव्हतं. मैत्रीण चहा घेऊन आली आणि म्हणाली, “एवढं काय बघतेस गं?” तिला काय सांगणार.

लिबरेटरखालची ही जमीन आपल्यापासून फार दूरही नव्हती. रॉयल एअर फोर्सची लिबरेटर बंगालमधून उडत, मेदिनीपुरातल्या सालबनीहून, दिग्रीहून, आणि दक्षिणेत कोलारला त्यांच्या वैमानिकांचं शिक्षण चाले. त्याच मेदिनीपुरावर ऑक्टोबर 1942 मध्ये वादळ येऊन गेलं होतं, आणि 1943 मध्ये बंगालचा दुष्काळ, ज्यात मेलेल्यांचा अंदाज तीस लाखांच्या घरात जातो. धावपट्ट्यांसाठी, छावण्यांसाठी सरकारनं भाताची शेतं ताब्यात घेतली, कुटुंबंच्या कुटुंबं उठवली. मी डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न करते: पहाटेच्या धुक्यात बाराशे अश्वशक्तीची चार चार इंजिनं घरघरत आहेत, पोटात टनांनी लोखंड भरलेलं, टाक्यांमध्ये हजारो लिटर पेट्रोल, आणि कुंपणाच्या बाहेर, रस्त्याकडेला, पेजेसाठी कटोरी घेऊन बसलेलं माणूस ते उडताना बघतं आहे. एवढं जड काहीतरी आकाशात उचललं जाऊ शकतं, हे त्यानं बघितलं.

तिथून ती पूर्वेला जात. रंगून, मंडाले, मौलमेन. आणि बर्मा-सयाम रेल्वे, जी जपान्यांनी युद्धकैद्यांच्या आणि मलायातून ओढून नेलेल्या तमिळ मजुरांच्या हाडांवर बांधली. मंडाले हे नाव मराठी कानाला युद्धाचं वाटतच नाही. ते लोकमान्यांच्या तुरुंगाचं, गीतारहस्याच्या पेन्सिलीनं भरलेल्या वह्यांचं नाव. ज्या किल्ल्यात तो तुरुंग होता, तिथला सागवानी राजवाडा मार्च 1945 च्या लढाईत जळून गेला. आणि त्या रेल्वेच्या पुलांवर लिबरेटरनं बॉम्ब टाकले तेव्हा पुलांलगतच्या छावण्यांत दोस्तांचेच युद्धकैदी मेले. ज्यांच्या सुटकेसाठी ही विमानं येत होती, ते. वर बसलेल्या वीस वर्षांच्या पोराला खाली फक्त एक चकाकती नदी आणि तिच्यावर एक बारीक रेघ दिसत असेल. पूल पडायलाच हवा होता, जपान्यांची रसद तुटायलाच हवी होती, हे मला पटतं. तरी त्या पिवळ्या खुणांवरून बोट फिरवताना ते मधेच थांबतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीनं दुसरी पुसली जात नाही.

मी ज्या लिबरेटरवर जीव लावला ते मात्र बॉम्ब टाकणारं नव्हतं. त्याचा हा दुसरा जन्म फार थोड्यांना माहीत आहे, आणि मला तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

युद्ध संपलं तेव्हा बंगालमधली, बर्म्याच्या आघाडीवरची लिबरेटर कानपूरच्या चकेरी तळावर आणून उभी केली गेली. ती अमेरिकेची उसनवारी होती. करार असा, की परत तरी करा नाहीतर नष्ट करा. म्हणून जाण्याआधी ब्रिटिशांनी ती कुणाच्याच कामी येऊ नयेत अशी करून ठेवली. उपकरणांवर घाव घातले, इंजिनांत वाळू ओतली असं सांगतात. मग दोन पावसाळे, दोन कानपुरी उन्हाळे. पंखांवर घारी बसायच्या, पोटात गवत वाढायचं. 1948 साली नव्या देशाला लांब पल्ल्याची विमानं हवी होती आणि विकत घ्यायला पैसा नव्हता, तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टची माणसं त्या उकिरड्यावर आली. एकाचा पंख, दुसऱ्याचं चाक, तिसऱ्याचा पंखा असं जुळवत त्यांनी एकेक विमान एवढंच उभं केलं की एकदा उडेल. आणि कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी ते बंगळूरला घेऊन जायचे. कुठला काटा खरं सांगतो आहे याचा भरवसा नाही, खाली विंध्य, नर्मदा, सातपुडा, दख्खनचं पठार, आणि हा माणूस मोडलेलं विमान हातानं सांभाळत चाललेला. एकदा नव्हे, चाळीसहून अधिक लिबरेटर अशी गेली, बंगळूरला पुन्हा घडली आणि भारतीय हवाई दलात आली. ज्यांनी ती तोडली होती त्यांना हे शक्य वाटलं नव्हतं. या कामावर एखादं जाड पुस्तक हवं होतं, एखादं स्मारक हवं होतं. ज्यांनी ते हातानं केलं त्या बहुतेक फिटरांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

1951 पासून त्यांतली काही पुण्याला, लोहगावला, सहाव्या स्क्वाड्रनकडे होती. काम एकच: समुद्र बघणं. पुण्याहून उडायचं, घाट ओलांडायचा, आणि अरबी समुद्रावर तासन्‌तास फिरत राहायचं, जहाजांवर नजर ठेवत.

आम्ही तेव्हा येरवड्याला राहायचो. माझं लहानपण त्या आवाजाखाली गेलं. जेट विमानाचा आवाज आकाश फाडत येतो आणि जातो; हा तसा नव्हता. हा आधी पायांना कळायचा. फडताळातल्या पितळी डब्यांची झाकणं हलकेच किणकिणायची, मग खिडकीची काच, मग छातीच्या पिंजऱ्यात काहीतरी घुमायला लागायचं, आणि तेवढ्यात कडुलिंबाच्या मागून ते रुंद, सावकाश, न संपणारे पंख. शेजारी हवाई दलातले एक काका राहायचे, साताऱ्याकडचे, इंजिनांवर काम करणारे. ते बनियनवर अंगणात येऊन उभे राहायचे, वर बघायचेच नाहीत, नुसते मान खाली घालून ऐकायचे. चार इंजिनांचा वेग तंतोतंत एक नसला की आवाजात लाट उठते, घूं... घूं... अशी मोठी-लहान होणारी. वैमानिक हळूहळू ती जुळवत आणतो आणि लाट लांबत लांबत विरते. तंबोरा लागताना होतं तेच. ती विरली की काका मान वर करायचे आणि म्हणायचे, “लागलं.” मग घरात जायचे.

त्यांनीच मला सांगितलं, की रात्रभर उभ्या इंजिनात तेल खालच्या सिलिंडरांत उतरून बसतं. तसंच चालू केलं तर इंजिन फुटेल. म्हणून पहाटे आधी माणसं पंख्याचं एकेक पातं खांद्यानं रेटत फिरवतात. एका इंजिनात चौदा सिलिंडर, अशी चार इंजिनं. “थंडीत तर पातं हाताला चावतं बघ पोरी,” म्हणायचे. त्यांच्या तळहातांच्या रेषांमध्ये काळं तेल कायमचं गेलेलं होतं. नंतर त्याच स्क्वाड्रनमध्ये एअर इंडियाकडून आलेली सुपर कॉन्स्टेलेशन विमानंही दाखल झाली, देखणी, मासोळीच्या अंगाची. तीही चार इंजिनांची, पण काका नुसत्या कानानं सांगायचे कुठलं ते, आणि हळूहळू मलाही कळायला लागलं. एकदा मी विचारलं होतं, हे युद्धातलं विमान आहे ना, मग यानं किती माणसं मारली? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “ते याला विचारायचं नाही. बसणाऱ्याला विचारायचं. आणि बसणारा इथं कुणी नाही.” तेव्हा मला ते टाळल्यासारखं वाटलं. आता वाटतं, रोज पहाटे ज्याला आपण खांद्यानं ढकलून जागं करतो त्याच्याबद्दल माणूस याहून जास्त काय बोलणार.

1968 साल संपता संपता लिबरेटर हवाई दलातून निवृत्त झाली. जगात त्या वेळी दुसरं कुठलंच हवाई दल ती लढाऊ सेवेत वापरत नव्हतं. अठरा हजारांतली उरली होती ती आपल्याकडची, कानपूरच्या उकिरड्यातून उचललेली. तेव्हा जगाला त्यांची आठवण झाली. एक इंग्लंडला गेलं, रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात. एक कॅनडाला, एक ॲरिझोनात तुसॉनच्या संग्रहालयात. किंगमनच्या भट्ट्या ज्या राज्यात पेटल्या होत्या त्याच राज्यात ते आता जपून ठेवलेलं आहे. आणि एक अमेरिकेत नेऊन, वर्षानुवर्षं खपून, पुन्हा आकाशात उडवलं गेलं. ते बघायला म्हातारी माणसं चाकांच्या खुर्च्यांवरून यायची, विमानाच्या पोटाला हात लावून थांबायची. नष्ट करायचं म्हणून मोडलेली तीच विमानं, आणि ती आज लिबरेटरची जगातली स्मृती सांभाळून आहेत.

माझ्या कपाटातल्या विमानाला हा आवाज नाही. सगळं लहान करता आलं, आवाज लहान करता येत नाही. बहात्तरपट आकसलेला तो घुमार म्हणजे डासाची गुणगुण झाली असती, आणि ती घूं... घूं... लाट, जिच्यासाठी एक माणूस बनियनवर अंगणात यायचा, ती कुठल्याही साच्यात उतरत नाही. पण म्हणून मी या तुकड्यावर रागावत नाही. त्याचं जास्तीचं वजन आता मला खोटं वाटत नाही. दहा इंचभर माणसं, खालची न दिसणारी गावं, कटोरी घेऊन बसलेला तो माणूस, मुन्शींचा मोडका प्रवास, काकांचे तळहात, हे सगळं कुठंतरी ठेवायला हवं होतं, आणि चव्वेचाळीस ग्रॅममध्ये ते मावलं नसतं.

एक लिबरेटर दिल्लीत आहे, पालमच्या हवाई दल संग्रहालयात. आपल्याच सेवेतलं, परदेशी न गेलेलं. भाचा या हिवाळ्यात सुट्टीवर येतो आहे, त्याला मी सांगून ठेवलं आहे की आपण जायचं. त्याला तोफा बघायच्या आहेत आणि नाकाची काच. मला पोटाखाली जाऊन वाकायचं आहे, कोठाराची दारं उघडी असतील तर, आणि ती नऊ इंची फळी बघायची आहे. रखवालदार ओरडला नाही तर एक पाऊल तिच्यावर ठेवूनही बघेन. गुडघे आता फार वर उचलत नाहीत, पण भाचा धरेल. आणि तिथल्या कुणाला ठाऊक असलं तर एवढंच विचारायचं आहे, की हे विमान कधी पुण्याला होतं का.